आवाज येईना

व्हिडिओ पंचावन्न सेकंदांचा होता. माझ्या व्हिडिओंमध्ये कुठेतरी माझं बोट येतंच, या एकात ते आलं नव्हतं, म्हणून जरा ऐटीतच आईला पाठवला. जानेवारीत लेकीकडे मेक्सिकोला गेले होते, तेव्हाची गोष्ट. वाहाका शहरापासून सत्तरेक किलोमीटरवर डोंगरात हिएर्वे एल आग्वा नावाची जागा आहे. तिथल्या कड्यावरून समोरच्या कड्यावरचा भलामोठा पांढरा धबधबा टिपला होता. वर नेटवर्क नव्हतं, त्यामुळे मित्ला गावात उतरल्यावर जेवणाच्या टेबलावरून तो गेला. आमच्याकडे तेव्हा रात्रीचे अडीच वाजले असणार. आई पहाटे पाचला उठते. संध्याकाळी आम्ही परतीच्या गाडीत असताना तिचा कोंकणीतला आवाजी निरोप आला : ‘‘व्हिडिओ पळयलो गो. बरो आसा. पूण आवाज येना. तुजें उलोवप आयकूंक येता, उदकाचो आवाज येना. म्यूट केला काय कितें?’’

मी आणि लेक पोट धरून हसलो. ‘आई, तो दगडाचा आहे, वाहत नाही’ असं लिहून पाठवलं. थोड्या वेळाने निळ्या खुणा उमटल्या आणि माझ्यापुरता विषय संपला.

परत आल्यावर आठवडाभराने वयनीशी फोनवर बोलत होते. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, ‘‘तुझा तो धबधबा आईंनी दहा वेळा तरी लावला असेल. कानातलं मशीन काढून, परत घालून, फोन कानाशी धरून. मग म्हणाल्या, आता हेंय गेलें.’’ माझा लिहिलेला निरोप आईने वाचलाच नव्हता. चष्म्याशिवाय तिला ती अक्षरं दिसत नाहीत. निळ्या खुणा भाच्याच्या बोटाने उमटल्या होत्या. ऐकू कमी यायला लागलेल्या बाईला मी एक मुका धबधबा पाठवला होता. बोलणं ऐकू येतंय आणि पाणी तेवढं ऐकू येत नाही, याचा तिने तिच्या परीने जो अर्थ लावायचा तो लावला.

हे डोक्यातून जाईना.

आईचं आणि पाण्याच्या आवाजाचं काय आहे ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात, हरवळ्याच्या धबधब्यापासून शेतं ओलांडून अलीकडे. धबधबा घरातून दिसत नाही. ऐकू येतो. म्हणजे यायचा. मिरगाचा पहिला पाऊस जमिनीतच जिरतो. पुढे चार-पाच दिवस लागून पडला की एखाद्या रात्री कुणीतरी लांब तांदूळ पाखडत बसल्यासारखा आवाज सुरू होई, आणि आषाढापर्यंत त्याचा घुमारा होई. आई अंथरुणातूनच सांगायची : आज वर साखळीकडे बराच पडलाय, उद्या शेतात पाणी येणार. बहुतेकदा यायचं. मुळात ती लग्न करून आली ती समुद्राकाठच्या गावातून. पहिल्या पावसाळ्यात तिला वाटायचं, डोंगरामागे समुद्र आहे आणि घरचे तो आपल्यापासून लपवून ठेवतात. हे ती अजून सांगते, आणि प्रत्येक वेळी लपवणाऱ्यांत एखादं नाव वाढतं.

मेक्सिकोतल्या त्या जागेचं नाव स्पॅनिशमध्ये आहे, अर्थ ‘पाणी उकळतं’. कड्याच्या माथ्यावर झरे फुटतात आणि त्यांच्या डबक्यांतून सारखे बुडबुडे येत असतात, चहाचं आधण ठेवावं तसे. मी बोट घालताना आधीच तोंड वाकडं केलं होतं. पाणी साधं, विहिरीच्या पाण्याइतकं. लगेच नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी आठवली. लहानपणी मामाबरोबर गेले होते तेव्हा गोपीनाथाच्या देवळासमोर तळीच्या पायऱ्यांवर बसून आम्ही मुलं टाळ्या वाजवायचो. टाळ्यांनी बुडबुडे वाढतात असं सगळेच सांगायचे आणि आम्हाला ते वाढलेले दिसायचेही. मी मेक्सिकोतल्या त्या डबक्यापाशीही टाळी वाजवून पाहिली. बाजूला पाय सोडून बसलेल्या एका जोडप्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांनीही वाजवली. लेक म्हणाली, आई, कार्बन डायऑक्साइड आहे तो, त्याला टाळ्यांचं काय. खरं आहे. पाऊस मुरताना मातीतला हा वायू घेऊन जातो, त्याच्या जोरावर खालच्या चुनखडीतला चुना विरघळवतो. झरा उजेडात आला की वायू बुडबुड्यांनी उडून जातो आणि विरघळलेला चुना धरून ठेवायला पाण्यात ताकद उरत नाही. कड्यावरून पातळ ओघळत जाताना तर तो सगळीकडे मागे सुटत जातो. थरावर थर बसतात. गुहेत छतावरून दगडी झुंबरं लोंबतात, त्यांचीही हीच रीत. इथे ती उघड्यावर, उन्हात, दरीच्या तोंडावर चाललेली आहे.

ही गोष्ट मला नवी वाटायला नको होती. आजीच्या पानाच्या तबकात चुन्याची पितळी डबी असायची. तिला बरं नसलं, चार दिवस पान खाल्लं नाही, की डबीतला चुना दगड होऊन बसे. खिळ्याने उकरावा लागे. चुना हवेतला तोच वायू घेतो आणि पुन्हा दगड होतो, हे मला शाळेत कुणीतरी फळ्यावर नक्की लिहून दाखवलं असणार. डबीशी त्याचं नातं जुळायला मला पन्नाशी उलटावी लागली आणि अर्धी पृथ्वी ओलांडावी लागली.

दिसायला कसा, तर थंडीत थिजलेलं खोबरेल आठवा. बाटलीच्या काचेवर ते जसं पांढुरकं, ओघळ आले तसेच थांबलेलं असतं, तसा अख्खा डोंगर. दरीपासून पन्नास ते नव्वद मीटर उंच असे दोन कडे आहेत. एकाला धाकटा धबधबा म्हणतात, दुसऱ्याला थोरला. धाकट्याच्या माथ्यावर पोहायची टाकी आहेत. त्यांच्या कडेला हात टेकून सगळं जग फोटो काढतं. आम्हीही काढले. तिथून समोर थोरला दिसतो. पांढरा म्हणते खरी, पण त्यात राखाडी आहे, गेरू आहे, मध्येच शेवाळाची हिरवी रेघ. आमच्याकडे चवथीआधी घराला चुना काढतात तेव्हा ओल्या भिंतीचा जो वास सुटतो तोच तिथल्या कड्याला होता. मी डोळे मिटून दोनदा घेतला. लेकीला वाटलं मला चक्कर येतेय. भोवती घायपातीच्या जातीची झाडं, त्यांच्याच भाजलेल्या गड्ड्यांपासून तिथली दारू काढतात. खाली रस्त्यावर तिच्या भट्ट्या लागल्या होत्या. धुराचा तो आंबूस वास एप्रिलमध्ये काजूच्या भट्टीवरून जाताना येतो त्याचा चुलतभाऊ म्हणावा असा. मी चव घेतली नाही. मला फेणीही चढते.

जाताना मला कुणी सांगितलं नव्हतं आणि सगळ्यात जास्त लक्षात राहिले ते तिथले पाट. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी तिथल्या झापोतेक लोकांनी या झऱ्यांचं पाणी उतारावर बांधलेल्या शेतांकडे नेलं होतं. बारीक बारीक पाट, वीतभर रुंदीचे. पाणी वाहता वाहता पाटाच्या काठांवरही चुना ठेवत गेलं, आणि आता ते पाटच दगडाचे उंच कंगोरे होऊन उतारावर पडलेले आहेत. एकावर पाय देऊन मी पुढे गेले, मग लक्षात आलं की मध्ये खाच आहे, आणि ओशाळून मागे फिरले. आजोबांच्या कुळागरात पोफळींच्या मुळाशी असेच पाट फिरवलेले असत. मातीचा बांध खोऱ्याने फोडायचा, पाणी या आळ्यात, मग पोयीचा तुकडा आडवा लावायचा, पाणी त्या आळ्यात. दर वर्षी पाट वाहून जात आणि दर वर्षी आजोबा ते नवे काढत. त्यातला एकही आज शिल्लक नाही. तिथल्या आजोबांचा शिल्लक आहे. मला याचा आनंद झाला की हेवा वाटला, कळलं नाही. पाणी देणाऱ्या पाटाचा पाण्यानेच दगड केला म्हणजे त्यातलं शेत कधीतरी कोरडं राहिलं असणारच. पाहणाऱ्याला सुंदर दिसतं ते वापरणाऱ्याला बुजलेलं असतं.

आमच्याकडचं पाणी ठेवून जाणाऱ्यातलं नाही, घेऊन जाणाऱ्यातलं आहे. लग्नानंतर तीन वर्षं आम्ही सोलापूरला होतो. तिथे बोअरच्या पाण्याने गिझरची कॉइल पांढरी होऊन मेली तेव्हा मी पहिल्यांदा खार म्हणजे काय ते पाहिलं. आमच्या विहिरीच्या पाण्याने परसातल्या तांब्याच्या भाणाला कधी पांढरा डाग पडलेला आठवत नाही. जांभ्याच्या पोटातलं पाणी ते. आणि जांभा तरी काय, लाखो वर्षं पावसाने खडक धुऊन धुऊन सगळं विरघळेल ते नेलं, नेता आलं नाही ते लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचाच झालेला दगड. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश माणसाने मलबारातला हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या पुस्तकात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट म्हटलं. आपण चिरा म्हणतो. खाणीतून काढताना कोयत्याने तासता येतो, वारा लागला की कठीण होतो. त्याच्या भिंतींत माझा जन्म झाला. त्या थिजलेल्या पाण्यासमोर उभी असताना मनात येत होतं, की पावसाचं पाणी तिथेही तेच आणि इथेही तेच. तिथे त्याने आणून टाकलं त्याचा डोंगर झालाय. आमच्याकडे त्याला उचलता आलं नाही त्यावर आम्ही घरं बांधली.

आणि ट्रक घेतले.

आमच्या बाजूला लोहखनिजाचं मायनिंग आईच्या लग्नाआधीपासून होतं, पण त्याचा आवाज घरात शिरला तो चीन खनिज घ्यायला लागला तेव्हा. दिवसरात्र टिपर. खाणीवरून जेटीवर, जेटीवरून बार्जमध्ये, बार्ज मांडवीतून मुरगावला. साखळीच्या रस्त्याला एकामागे एक अशी रांग लागे की शाळेत जाणारी मुलं दोन टिपरांमधून रस्ता ओलांडायला शिकली होती. मधल्या काळात दादानेही कर्ज काढून एक टिपर घेतला, मग दुसरा. घराला स्लॅब पडला, माझ्या लेकीच्या पहिल्या वर्षाच्या फीचा मोठा हिस्सा त्याने न सांगता भरला. तेव्हा ‘खाणींनी गोवा खाल्ला’ असं मी जेवढ्या सहज म्हणू शकते तेवढ्या सहज ते म्हणायचा मला अधिकार नाही, हे मला ठाऊक आहे. फणसाच्या पानांवर तांबडी धूळ बसायची. दोरीवरचे कपडे झटकून घ्यावे लागायचे. पावसाळ्यात खाणीच्या डंपावरची माती उतरून ओहोळ विटकरी होई. हरवळ्याला पांढऱ्या पाण्याचे फोटो काढायला आलेली माणसं चहासारखं पाणी पाहून हिरमुसून रुद्रेश्वराला नमस्कार करून परत जात. या सगळ्यात धबधबा कधी ऐकू यायचा बंद झाला, कुणालाच कळलं नाही. एकदम गेला असता तर कळलं असतं.

२०१२च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. पहिले काही महिने आम्ही सगळेच दोन-चार आठवड्यांत सुरू होईल असं म्हणत होतो. पुढच्या जूनमध्ये मी माहेरी होते. मुसळधार पाऊस, लाईट गेलेली, कंदिलाच्या उजेडात जेवणं झालेली. आई मध्येच उठून परसातल्या दारात गेली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. ‘‘आयकलें?’’ ती म्हणाली. मला आधी नुसता पाऊस ऐकू आला. मग त्याच्या मागे, खाली, तांदूळ पाखडल्यासारखा. ‘‘कितलीं वर्सां जालीं गो,’’ ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मला तिच्याकडे पाहवेना, कारण दादा आत टेबलाशी बँकेचे कागद घेऊन बसला होता आणि त्याला सगळं ऐकू जात होतं. थोड्या वेळाने तो मान वर न करता म्हणाला, ‘‘उदकाच्या आवाजान पोट भरता?’’ आई काही बोलली नाही. दार लावून घेतलं. त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. अंगणात दोन्ही टिपर उभे होते, त्यांच्या टपावर पाऊस वाजत होता, आणि त्याच्या पलीकडे धबधबा. दोन्ही ऐकत झोप लागली. सकाळी एका टिपराखाली कोंबडी अंड्यावर बसलेली सापडली.

२०१४मध्ये बंदी उठली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून. २०१८मध्ये कोर्टाने अठ्ठ्याऐंशी लीजं रद्द केली, पुन्हा सगळं बंद. या चढउतारात एक टिपर विकला गेला, वयनीच्या बांगड्याही. लिलाव होऊन आता डिचोलीत पुन्हा खनिज निघायला लागलंय. दादा पासष्टीला आलाय, टिपर भाचा चालवतो. या मधल्या वर्षांत धबधबा येत-जात राहिला. आईचे कान मात्र एकाच दिशेने निघाले होते. डॉक्टरांनी मशीन दिलं. ती म्हणते त्यात सगळे आवाज एकाच अंतरावरून येतात, चुलीवरचा कुकर आणि रस्त्यावरचा हॉर्न दोन्ही कानातच बसलेले.

वयनीच्या फोननंतर दोन आठवड्यांनी मी घरी गेले. आईला समोर बसवून व्हिडिओ लावला आणि सांगितलं, यात पाण्याचा आवाज नाहीच आहे. ‘‘फातर आसा तो.’’ तिने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘‘उदकाचो फातर?’’ मी हो म्हटलं. मग मी चुन्याची डबी, बुडबुडे, सगळं सांगितलं, हातवारे करून, मोठ्याने. ती शहाण्या विद्यार्थिनीसारखी ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘‘मागीर तो धबधबो कसो?’’ म्हणजे वाहत नाही, वाजत नाही, तर धबधबा कशाला म्हणायचं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती माझी समजूत काढल्यासारखं वागत होती, हे माझ्या लक्षात आलं. आपल्याला बरं वाटावं म्हणून लेक काहीतरी रचून सांगते आहे, असं.

तेव्हा मला बाटली आठवली. त्या दिवशी वरच्या झऱ्याचं थोडं पाणी मी स्टीलच्या बाटलीत भरून घेतलं होतं. पिण्यासाठी नाही, उगाच. आपल्याला तीर्थाची सवय असते. ती बाटली बॅगेत तशीच राहिली, घरी आल्यावर उघडली तर पाणी तळाशी घोटभर उरलेलं, आणि आत भोवताली बोटाला लागेल असा पांढरा खरखरीत थर. मी ओतून टाकली, घासली, तरी थर निघाला नव्हता, आणि प्रवासात दुसरी बाटली मिळेना म्हणून तीच घेऊन मी माहेरी आले होते. ती तिच्या हातात दिली. तिने आत बोट घालून पाहिलं, नखाने खरवडलं, नाक मुरडलं. ‘‘हें बिंबलांनी वतलें,’’ म्हणाली, म्हणजे बिंबलांनी जाईल. तांब्याचं, पितळेचं, काही असलं तरी तिचा उपाय ठरलेला. परसात बिंबलाच्या खोडाला आंबट फळांचे घोस लगडले होते. चार-पाच तोडून आणली, दोन हातांनी चुरगाळून रस बाटलीत पिळला आणि घासायला बोट आत घालणार तेवढ्यात थांबली. आत पांढरा फेस चढत होता. आंबटाने चुना फसफसतो, त्याचा तोच वायू सुटतो, हे मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिने कानातलं मशीन काढून पदराच्या गाठीत ठेवलं आणि बाटलीचं तोंड उजव्या कानाशी धरलं. डोळे मिटले. तेवढ्यात रस्त्यावर भाच्याने टिपर चालू केला, अंगणातला पत्रा थरथरला. ती तशीच बसून होती.

‘‘येता,’’ ती म्हणाली.

मी बाटली मागून घेतली, कानाशी धरली. टिपर वळणापलीकडे जाईपर्यंत थांबले. तोवर फेस बसला होता आणि आत काही नव्हतं, शंखात असतं तेवढंच. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असावं. ‘‘थांब गो,’’ म्हणत तिने बाटली ओढून घेतली आणि आणखी एक बिंबल पिळलं.